हातमोजा नसलेली गाडी

आमची मुलं सांभाळणाऱ्या ऑईलीमावशीच्या अंगणात एक नियम फार कडक आहे. झोपलेल्या पोराला उठवायचं नाही. मूल वाटेतच झोपलं असेल तर सायकलमागची त्याची बंद पडद्याची छोटी गाडी सोडवायची, कुंपणाशी वाऱ्याच्या आडोशाला लावायची, फाटकाजवळच्या खिळ्यावरचा लाल हातमोजा घेऊन गाडीच्या दांडीला अडकवायचा, स्वयंपाकघराच्या खिडकीवर एका बोटाने टकटक करायची आणि आपल्या कामाला निघून जायचं. आतून मावशी मान हलवते. इकडे थंडीतही बाळांना बाहेरच झोपवायची रीत आहे; पारा उणे पंधरापर्यंत मुलं बाहेर झोपतात, उणे सोळा झाला की आत. हातमोजा दिसला की समजायचं, आत कुणीतरी झोपलंय, पाय न वाजवता चला.

माझी हिल्ला सोळा महिन्यांची आहे आणि तिच्या दुपारच्या झोपा बहुतेक सगळ्या त्या कुंपणाशीच झाल्यात. मेंढीच्या लोकरीच्या पिशवीत गळ्यापर्यंत गुंडाळलेली, नाकाचा शेंडा लाल, ओठ किंचित उघडे. घरात तिला झोपच लागत नाही. उकडतं म्हणे बाईसाहेबांना.

मी खाडीपलीकडच्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते. दुपारची पाळी, एक वाजता सुरू. बाराच्या सुमाराला हिल्लाला मावशीकडे सोडायचं, गाडी तिथेच ठेवायची, मी पुढे कामावर. चार वाजता माझा नवरा मिस्का त्याच्या सायकलला गाडी जोडून तिला घरी नेतो. हिवाळ्यात गाडीची चाकं काढून आम्ही खाली दोन स्की लावतो आणि सायकलीला खिळ्यांचे टायर चढवतो. मग एप्रिलपर्यंत काही बघायला लागत नाही.

त्या मंगळवारी मात्र बघायला लागलं. आदल्या संध्याकाळी मिस्का म्हणाला होता, "डावी स्की खडखडतेय. एक दिवस वाटेत निखळली म्हणजे कळेल."

"मग घट्ट कर ना."

"त्याला आटा मारायला लागेल. तुमच्या राइमोकडे ने. मी उद्या हिल्लाला बसने आणतो."

राइमो आमच्या वृद्धाश्रमाचा दुरुस्तीवाला. त्याच्या शेडमध्ये काय नाही असं नाही. तेव्हा बेत असा ठरला की हिल्लाला मावशीच्या घरात द्यायची, झोप आतच, आणि रिकामी गाडी ओढत मी कामावर जायचं.

समुद्राकडून वारा सुटला होता. उणे चौदा, आणि वाऱ्याबरोबर आडवा, वाळूसारखा बर्फ. मी हिल्लाला काखेत मारून आत गेले. अंगावरचे गरम कपडे उतरतायत हे तिला कळलं आणि तिने गळा काढला. एरवी ती गाडीत झोपलेली असते, आई कधी गेली हे तिला कळतही नाही. आज ती डोळे सताड उघडे ठेवून बघत होती. माझ्या मफलरची दोन्ही टोकं तिने मुठीत धरली.

"जा गं तू," मावशी म्हणाली. ती बटाटे कुस्करत होती. "तू गेलीस की दोन मिनिटांत गप्प होईल. हे रडणं तुझ्यासाठी आहे. माझ्यासाठी ती रडत नाही."

"पाचच मिनिटं थांबते."

"पाच मिनिटांत तूच रडायला लागशील. मग मी कुणाकुणाला बघू?"

तेवढ्यात खिडकीवर टकटक झाली. मावशीने वळूनही न बघता मान हलवली. "सांपो असणार. वेइक्का झोपला वाटतं."

वेइक्का म्हणजे क्रेताचा मुलगा, अकरा महिन्यांचा. क्रेता दातांच्या दवाखान्यात नर्स आहे. सांपो तिचा नवरा. तिने आणि मी एकाच दिवशी, एकाच सेलमध्ये रांगेत उभं राहून एकसारख्याच राखी-निळ्या गाड्या घेतल्या होत्या. आमच्यातलं साम्य तिथेच संपतं. क्रेताच्या पोराच्या टोपीची नाडीसुद्धा हनुवटीखाली बरोबर मधोमध बांधलेली असते. एकदा तिने मला सांगितलं होतं, "केर्तू, हिल्लाच्या मानेला वारा लागतो हं." त्याला झाला असेल एक महिना. तो महिनाभर मी तिच्याशी नीट बोलले नव्हते.

मी हिल्लाच्या मुठी एकेक बोट करून सोडवल्या आणि बाहेर पळाले. दार लावलं तरी तिचं रडणं कानातच होतं. कुंपणाशी दोन गाड्या, दोन्हींवर बोटभर बर्फ. एकीच्या दांडीला लाल हातमोजा. ती वेइक्काची. तिच्याजवळून मी चवड्यांवर गेले. खरंच चवड्यांवर, हिवाळी बूट घालून. दुसरी, बिनहातमोज्याची, ती मी माझ्या सायकलला जोडली, खिट्टी लावली आणि निघाले.

उशीर झाला होता. पुलावरून गेलं तर पस्तीस मिनिटं. गोठलेल्या खाडीवरून गेलं तर वीस. जानेवारीत खाडीवर पायवाट पडलेली असते, लोक स्कीवरून जातात, सायकलीनेही जातात. पण हिल्ला मागे असताना मी तिथून कधीच जात नाही. मिस्काचं आणि माझं हे ठरलेलं आहे. बर्फ मजबूत असतो, प्रश्न तो नाही. कधीकधी वरच्या बर्फाच्या वजनाने खालचं पाणी फटीतून वर येतं आणि मऊ बर्फाखाली लपून बसतं. मोठ्या माणसाचे फार तर बूट भिजतात. मूल असलं की वेगळं.

पण गाडी रिकामी होती. मी किनाऱ्यावरून खाली उतरले.

जड लागत होती. मला वाटलं, वारा. मग वाटलं, झोप नाही धड, अंगात ताकद कुठे राहिलीय. मधेच लक्षात आलं की स्की खडखडत नाहीये. थंडीने आवळली असेल, असंही वाटलं. माणसाला काय काय वाटू शकतं!

खाडीच्या मधोमध, जिथे एका बाजूला दीपस्तंभाची खूण आहे, तिथे मागची गाडी अचानक धरल्यासारखी थांबली. वळून बघितलं तर उजवी स्की राखाडी रबडीत घुसली होती. वर आलेलं पाणी. मी जोर लावून ओढलं. गाडी कलली आणि उजव्या कुशीवर सपाट आडवी झाली.

"मर तिकडे!" मी म्हणाले. वाऱ्यात ओरडूनच म्हणाले. सायकल आडवी टाकली, गाडीला खांदा लावला. स्की सुटेना. मग मी तिला लाथ घातली. एक, दोन. तिसऱ्या लाथेला ती सुटली आणि मी हिसका देऊन गाडी सरळ केली. तेव्हा एक बारीक आवाज आला, कुईं असा. गाडीची दांडी कुरकुरली असेल. मी तिला आणखी एक शिवी दिली आणि सायकलवर बसले.

एकला पाच कमी असताना मी राइमोच्या शेडसमोर पोचले.

"आण बघू तुझी लंगडी घोडी," तो म्हणाला. त्याच्या तोंडात नेहमीप्रमाणे काडी होती. त्याने गाडी शेडमध्ये ओढून घेतली, उकिडवा बसून एक स्की हलवून बघितली, मग दुसरी. "कोणती सैल आहे म्हणालीस?"

"डावी."

"डावी घट्ट आहे. उजवीही घट्ट आहे. तुझा नवरा कानाच्या डॉक्टरकडे गेलाय का कधी?"

"आण, आतली पिशवी काढून घेते, तेल लागेल तिला." असं म्हणत मी पडद्याची चेन ओढली.

आत एक चेहरा होता.

डोळे मिटलेले. पापण्यांवर पांढरे कण. गाल लाल. तोंडाशी लोकर वाफेने ओली झाली होती.

पहिल्या क्षणी मला वाटलं, हिल्लाच. मी तिला आत दिली नाही का? दिली ना? तिच्या मुठी मी सोडवल्या, ते कालचं होतं का? आजचं? मला माझ्याच मुलीचा चेहरा आठवेना. समोर एक चेहरा होता आणि तो माझ्या डोक्यात कुठेच बसत नव्हता. मग मला टोपीची नाडी दिसली. हनुवटीखाली, बरोबर मधोमध.

"कुणाचंय?" राइमोने विचारलं. त्याच्या तोंडातली काडी पडली.

मी हातमोजे काढले, एक हात छातीवर ठेवून गरम केला आणि वेइक्काच्या मानेमागे घातला. गरम. घामट गरम. त्याने नाक आक्रसलं, डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, आणि हसला. खालचे दोन दात.

मी शेडच्या जमिनीवर बसले आणि त्याला पिशवीसकट मांडीवर ओढलं. मी लाथा मारल्या होत्या. त्याच्यापासून चार बोटांवर, एका कापडापलीकडे. आणि ते कुईं.

"केर्तू. अगं केर्तू, बोल काहीतरी. कुणाचं पोर आणलंस?"

मी सांगितलं. एका दमात, उलटसुलट. राइमो ऐकत गेला. मग त्याने घड्याळ बघितलं.

"मुलं किती वाजता उठतात तिथे?"

"दोनला."

"आता एक वाजून चार. व्हॅन बाहेर उभी आहे. वीस मिनिटांत त्याला जागेवर ठेवू, तुझी गाडी उचलू, परत येऊ. स्वयंपाकघरात मी सांगतो केर्तूचं पोट बिघडलंय. कुणाच्या बापाला कळायचं नाही."

तो वाईट माणूस नाही. मला वाचवत होता. आणि मी खोटं का बोलू, मी त्याचा विचार केला. वेइक्का माझ्या मफलरचं टोक चघळत होता, हिल्लाने धरलेलं तेच. तो ते टोक चघळेपर्यंत मी विचार केला. कुणाला माहीत नव्हतं. कुणी शोधत नव्हतं. हेच सगळ्यात भयंकर होतं, आणि तेच सोयीचंही होतं. वेइक्का दोन वाजता उठला असता, मावशीने त्याला आत घेतलं असतं, कुस्करलेले बटाटे भरवले असते.

पण गाडी उलटली होती. उजव्या कुशीवर, सपाट. आज रात्री हा ओकला तर? चिडचिडा झाला, एकसारखा झोपत राहिला तर? क्रेता म्हणेल, दात येतायत.

"फोन कुठाय?" मी म्हणाले.

माझा फोन थंडीने मेला होता. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या फोनवरून मी मावशीला लावला. वेइक्का माझ्या कमरेवर.

"मावशी, मी केर्तू."

"झोपली गं तुझी लेक. सांगितलं नव्हतं? दोन मिनिटंसुद्धा नाही लागली."

"मावशी, वेइक्का कुठाय?"

"बाहेर. झोपलाय. आत्ताच खिडकीतून बघितलं."

"काय बघितलंस?"

"काय म्हणजे? गाडी. हातमोजा लटकतोय वाऱ्यात. दर दहा मिनिटांनी बघते मी, तुला काय वाटलं?"

"बाहेर जा. गाडीत हात घालून बघ."

"उठेल की तो."

"मावशी, जा."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. चपलांचा. दाराचा. मग फक्त तिच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ ऐकू येत होतं. मी कानाला फोन इतका दाबला होता की नंतर संध्याकाळपर्यंत कान लाल होता. मी ओरडून सांगायला हवं होतं, आधीच सांगायला हवं होतं, तो इथे आहे, माझ्या कमरेवर आहे. का नाही सांगितलं? मला वाटलं होतं, मी सांगितलं.

तिची किंकाळी मला फोनमधून ऐकू आली, बंद खिडकीपलीकडून.

मग ती धावत परत आली. "नाही! केर्तू, नाही तो! रिकामी, पिशवी थंडगार—"

"माझ्याकडे आहे! मावशी, माझ्याकडे आहे, ऐक, हा बघ, ऐक." मी फोन वेइक्काच्या तोंडाशी धरला. त्याने तो चाटला. मग "ब्बा" म्हणाला.

पलीकडे मावशी रडायला लागली. साठ वर्षांची बाई, पन्नासेक मुलं सांभाळलेली. मी तिला कधी आवाज चढवतानासुद्धा ऐकलं नव्हतं.

"हातमोजा लावलेला होता," ती पुनःपुन्हा म्हणत होती. "हातमोजा होता गं."

"कुणी लावला?"

"बाकीचे दोन धुवून शेगडीवर वाळत टाकलेत, खिळ्यावर एकच होता. तो कुणी..." ती थांबली.

तेव्हा मला माझा हात दिसला. हिल्लाला डाव्या काखेत मारून मी फाटकातून आत येतेय, आणि माझा उजवा हात, रोजच्यासारखा, मला न विचारता, सवयीने गाडी कुंपणाशी सोडवून, खिळ्यावरचा हातमोजा काढून माझ्याच रिकाम्या गाडीला अडकवतोय. मग मागून सांपो आला असणार. खिळा रिकामा दिसला असणार. त्याने टकटक केली, मावशीने मान हलवली, तो गेला. प्रत्येकाने आपलं काम केलं होतं.

"क्रेताला मी सांगते," मावशी म्हणाली. "अंगण माझं आहे."

"नाही. मला नंबर दे."

क्रेताने फोन उचलला तेव्हा मागे दात कोरायच्या यंत्राचा आवाज येत होता. या वेळी मी शहाणी झाले होते. पहिलंच वाक्य, "वेइक्का ठीक आहे, माझ्या हातात आहे." मग बाकीचं. यंत्राचा आवाज कधी बंद झाला कळलं नाही. शेवटी ती म्हणाली, "येते," आणि फोन ठेवला.

ती सायकलीने आली. हेल्मेट तसंच, भुवयांवर बर्फ, कोटाखाली दवाखान्याचे हिरवे कपडे. तोपर्यंत राइमोने वेइक्काला एक लाकडी डाव दिला होता आणि वेइक्का त्याने पातेलं बडवत होता. आईला बघून त्याने डाव उंचावला. क्रेताने त्याला उचललं, टेबलावर निजवलं, मोजे काढले आणि पायाची बोटं एकेक करून दाबून बघितली. दहाही. मग हाताची.

"गाडीवर पाणी गोठलंय," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "उजव्या बाजूला."

"मी खाडीवरून आले. दीपस्तंभाच्या खुणेपाशी उलटली. मी... मला वाटलं रिकामी आहे. मी तिला लाथा मारल्या. स्कीला."

"कुठल्या कुशीवर पडली?"

"उजव्या."

तिने टोपीची नाडी सोडली आणि त्याच्या डोक्याची उजवी बाजू बोटांनी चाचपली, दातांच्या नर्सच्या बोटांनी, कणाकणाने. कानामागे एक नखाएवढा लाल डाग होता. पट्ट्याचा असेल. तिने आरोग्य केंद्राला फोन लावला आणि कोरड्या आवाजात सगळं सांगितलं, उंची, वेग, कूस. तिकडच्या बाईने दोन दिवस नजर ठेवायला सांगितलं. ओकला, गुंगला, नीट रांगला नाही, तर लगेच आणा.

"बरं झालं सांगितलंस," असं ती म्हणेल, असं मला उगाच वाटत होतं. ती तसं काही म्हणाली नाही. ती राइमोला म्हणाली, "आम्हाला सोडशील का? माझ्याने आता सायकल चालवणार नाही."

व्हॅनमध्ये आम्ही तिघं पुढे बसलो, वेइक्का तिच्या कोटात. राइमोने खाडीकडे बघायचं टाळलं. दोन वाजायला आले होते, उजेड आत्ताच निळा पडायला लागला होता. राइमोने एकदा हीटर वाढवला, एवढंच.

मावशी फाटकात उभी होती, डोक्यावर काही नाही, केसांत बर्फ. तिने हात पुढे केले आणि पुन्हा मागे घेतले. क्रेता तिच्याजवळून सरळ कुंपणाकडे गेली.

माझी गाडी तिथेच उभी होती. हातमोजा फडफडत होता. मावशीने घाईत चेन अर्धीच लावली होती आणि आत बर्फ शिरला होता.

क्रेता तिच्यासमोर थांबली. वेइक्का तिच्या डाव्या हातावर होता, जागा, माझ्या मफलरसकट. त्याने तो सोडलाच नव्हता. तरी तिने उजव्या हाताने चेन खाली ओढली. हिल्लाची पिशवी उघडली. आत हात घातला, कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत, पायाकडच्या टोकापर्यंत. तिथे काही नाही हे तिला माहीत होतं. तिचं पोर तिच्या कडेवर होतं. तिने हात बाहेर काढला, तळवा बघितला, आणि पुन्हा आत घातला.

मग ती खाली बसली. सावकाश नाही, दोरी कापल्यासारखी. आत्तापर्यंत जे तिने धरून ठेवलं होतं ते सगळं एका आवाजात बाहेर आलं, आणि तो आवाज मी तासाभरापूर्वी फोनमधून ऐकलेलाच होता. वेइक्का दचकला आणि त्यानेही भोकाड पसरलं.

मी तिच्याशेजारी बर्फात बसले. काय करावं मला कळेना. तिला हात लावावा तर कुठल्या तोंडाने. तिनेच माझ्या कोटाची बाही पकडली. मला जवळ घेतलं, असं नाही म्हणता येणार. बुडणारं माणूस लाकूड धरतं तशी धरली, घट्ट, चिमटा बसेल इतकी.

"रांगताना बघायचं," ती दात वाजवत म्हणाली. "सरळ रांगतो का. तू पण बघ. तू पण ये आणि बघ."

"येते," मी म्हणाले.

खिडकीत हिल्ला उभी होती, नुकती उठलेली, केस उभे. आम्हाला बर्फात बसलेलं बघून तिने एक बोट काढलं आणि काचेवर टकटक केली. आतून आवाज येत नव्हता. मी मान हलवली.

दोन दिवस मी रोज कामाआधी क्रेताकडे गेले, पुलावरून. आम्ही दोघी जमिनीवर बसायचो आणि वेइक्काला रांगताना बघायचो. तो सरळ रांगला.